हरणी तलाव, दुपारी साडेचार : तीस वर्षांची उलटी मोजणी

गुरुवार, १८ जानेवारी २०२४. वडोदऱ्याच्या हरणी भागातल्या मोटनाथ तलावात दुपारी साडेचारच्या सुमारास सहलीच्या मुलांची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडून मरण पावल्या. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांनी घटनाक्रम साडेचारपासून मांडला, कारण पंचनामा तिथूनच सुरू होतो. पण ही वेळ जवळ येत होती तीस वर्षांपासून. त्या तीस वर्षांत तिला थांबवता येईल असे अनेक टप्पे आले. कायदा होता, न्यायालयाचा निकाल होता, डोळ्यांदेखत घडलेली उदाहरणे होती. तरीही एकेक टप्पा ओलांडत ती साडेचारपर्यंत पोहोचली.

सरकारने बाजारावर अंकुश ठेवावा की बाजार मोकळा सोडावा, हा वाद आपण बहुधा अर्थसंकल्पाच्या आणि शेअर बाजाराच्या भाषेत घालतो. हरणीच्या काठावर त्याच वादाचा निकाल मुलांच्या जिवावर लागला. म्हणून हा घटनाक्रम साडेचारच्या बराच मागे जाऊन सुरू करावा लागतो.

उरलेला वेळ : ३० वर्षे ५ महिने

११ ऑगस्ट १९९३. वडोदरा शहराच्या मध्यावरचा सुरसागर तलाव. महापालिकेने इथला नौकाविहार एका खासगी कंत्राटदाराकडे सोपवला होता. २० जणांची क्षमता असलेल्या बोटीत त्या दिवशी ३८ माणसे बसली. बोट उलटली आणि २२ जणांचा जीव गेला. जीवरक्षक आणि लाइफ जॅकेट यांची किमान व्यवस्थाही तिथे नव्हती.

तलाव महापालिकेचा आणि धंदा कंत्राटदाराचा. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त प्रवासी, बचावाची साधने नाहीत आणि काठावर थांबवणारे कोणी नाही. हरणीत जे घडणार होते त्याचा सगळा आराखडा त्या दिवशीच शहरासमोर आला होता.

उरलेला वेळ : ९ वर्षे ४ महिने

सप्टेंबर २०१४, नवी दिल्ली. सुरसागरच्या पीडितांचा खटला ग्राहक न्यायालयांच्या पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता. महापालिकेचे म्हणणे असे की बोटी कंत्राटदार चालवत होता, तेव्हा जबाबदारी त्याची. न्यायालयाने ते मान्य केले नाही. लोकांना सेवा देण्याचे काम महापालिकेने दुसऱ्याकडून करून घेतले, तरी लोकांच्या जिवाची काळजी घेण्याचे कर्तव्य तिचेच राहते, ते कंत्राटाबरोबर हस्तांतरित होत नाही, असा या निकालाचा गाभा आहे.

वादी वडोदऱ्याचे, प्रतिवादी वडोदऱ्याची महापालिका, विषय तलावातली बोट. इतका नेमका इशारा क्वचितच एखाद्या शहराला मिळतो.

मोकळ्या बाजाराचे समर्थक एक विचार करण्याजोगा मुद्दा मांडतात. आधीच नियमांचे जाळे विणू नका. चूक झालीच तर जबर भरपाई वसूल करा, त्या धाकाने धंदेवाला आपोआप सावध राहील. सुरसागरचा खटला या मुद्द्याला उत्तर देतो. ऑगस्ट १९९३ मधल्या दुर्घटनेचा शेवटचा निवाडा व्हायला २१ वर्षे लागली. एकवीस वर्षांनी येणाऱ्या भरपाईचा धाक आज संध्याकाळचा गल्ला मोजणाऱ्याला वाटत नाही. न्यायालये वेगवान असती तर हा युक्तिवाद जास्त टिकला असता. आपल्या न्यायालयांचा वेग पाहता तो टिकत नाही.

उरलेला वेळ : सुमारे ६ वर्षे

२०१७. हरणीच्या तलावाचा विकास करून तिथली करमणुकीची सोय चालवण्याचे काम महापालिकेने सार्वजनिक-खासगी भागीदारीतून कोटिया प्रोजेक्ट्स या कंपनीला दिले. या निवडीचा मागोवा गुजरात उच्च न्यायालयाने दुर्घटनेनंतर घेतला. पहिल्या फेरीत पात्रतेच्या निकषांवर जी कंपनी बसत नव्हती, तिलाच नंतरच्या फेरीत काम कसे मिळाले, हा प्रश्न न्यायालयाने विचारला आणि त्या काळच्या पालिका प्रशासनाच्या निर्णयावर कठोर शब्दांत बोट ठेवले. पुढच्या तपासात पोटकंत्राटेही उघड झाली, म्हणजे प्रत्यक्ष बोटी चालवणारा आणखी तिसराच.

इथे थांबून विचारले पाहिजे, याला मोकळा बाजार म्हणायचे का? बाजार मोकळा असतो तेव्हा गिऱ्हाइकाला निवड असते. एक दुकान खराब निघाले तर तो पलीकडच्या दुकानात जातो. हरणीच्या तलावावर पलीकडचे दुकान नव्हते. निविदा एकदाच उघडली आणि पुढची अनेक वर्षे संपूर्ण तलाव एकाच्या हाती गेला. तिकीट काढले शाळेने, बोटीत बसली मुले. बोटीची क्षमता किती, इंजिनाची शेवटची तपासणी कधी झाली, चालवणाऱ्याचे प्रशिक्षण काय, यातले काही पालकांना माहीत असण्याची सोय नव्हती. जिथे स्पर्धा नाही, माहिती नाही आणि पैसे देणारा वेगळा व जीव धोक्यात घालणारा वेगळा, तिथे बाजाराची शिस्त लागूच होत नाही.

नियंत्रण म्हणावे तर तेही नव्हते. ज्या महापालिकेने तपासणी करायची, तीच या व्यवहारातली भागीदार होती. प्रकल्प उभा राहावा, उद्घाटन व्हावे, शहराच्या शिरपेचात एक तुरा खोवला जावा, यात तिचे हित होते. बोटी बंद पाडण्यात कोणाचेच हित नव्हते. राखणदारालाच मालात वाटा दिला की राखण संपते.

उरलेला वेळ : सुमारे सव्वा वर्ष

३० ऑक्टोबर २०२२, मोरबी. मच्छू नदीवरचा झुलता पूल दुरुस्तीनंतर चार दिवसांपूर्वीच तिकीट लावून खुला झाला होता. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास तो कोसळला आणि १३५ माणसे गेली. मालकी नगरपालिकेची आणि चालवणारा खासगी उद्योगसमूह. पूल उघडण्यापूर्वी मजबुतीचा दाखला घेतला नव्हता आणि पुलावर एका वेळी किती माणसे सोडायची यावर अंकुश नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात, ७ मे २०२३ रोजी, केरळच्या तानूरमध्ये पर्यटकांची दुमजली बोट क्षमतेहून जास्त माणसे घेऊन निघाली आणि उलटली. तिथे २२ जण बुडाले. देशभरातल्या प्रत्येक तलावाच्या धक्क्यावर त्या आठवड्यात तपासणी व्हायला हवी होती. देशात १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्गत जलवाहतुकीचा नवा कायदा २०२१ मध्येच आला होता. नोंदणी, सर्वेक्षण, विमा, कर्मचाऱ्यांची पात्रता, जीवरक्षक साधने हे सगळे त्यात आहे. पण कायद्याने सांगितलेली तपासणी करायला कोणीतरी धक्क्यापर्यंत यावे लागते.

१८ जानेवारी २०२४, सकाळ : उरलेले काही तास

वाघोडिया रोडवरच्या एका खासगी शाळेची लहान मुले सहलीच्या दिवशी जशी निघतात तशी निघाली. शहरात जानेवारीची थंडी होती.

या वेळी साखळीत चार कड्या होत्या : शाळा, पोटकंत्राटदार, मुख्य कंत्राटदार आणि महापालिका. एवढ्या कड्या असल्या की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने पाहिले असेल. शाळेला वाटते, महापालिकेचा तलाव आहे, म्हणजे सगळे तपासलेले असणार. महापालिकेला वाटते, करारात सुरक्षेचे कलम आहे, म्हणजे कंत्राटदार पाहील. कंत्राटदाराला वाटते, बोटी ज्याला दिल्या तो पाहील. बोटीवरच्या कामगाराकडे मात्र पुढे ढकलायला कोणी नसते, आणि नाही म्हणण्याचा अधिकारही नसतो.

दुपारी साडेतीन : उरलेला वेळ १ तास

बोट सुरक्षित ठेवायला काय लागते? बोटीच्या अंगावर ठळक अक्षरांत लिहिलेली क्षमता. त्या क्षमतेइतकी, लहान मुलांच्या मापाचीही, लाइफ जॅकेटे. फेरीआधी माणसे मोजणारा आणि नोंदवहीत आकडा लिहिणारा माणूस. पाण्यात तयार उभी असलेली बचाव-बोट. पोहता येणारे जीवरक्षक. या सगळ्याचा खर्च एका दिवसाच्या तिकिटांतून निघू शकेल.

मग हा खर्च का होत नाही? कारण धक्क्यावरचा हिशोब साधा आहे. इंधन तेच, चालक तोच, फेरी तीच. माणसे दुप्पट बसवली की उत्पन्न दुप्पट. हा फायदा रोज खिशात पडतो. धोका क्वचित उद्भवतो आणि उद्भवला की तो तिकीट विकणाऱ्याच्या वाट्याला येत नाही, बोटीत बसलेल्याच्या वाट्याला येतो. नफा एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, अशा जागी चांगल्या माणसाचेही पाऊल घसरते. म्हणून तिथे बाहेरचा माणूस उभा करावा लागतो, ज्याचा पगार तिकिटांवर अवलंबून नाही.

हे म्हणायला समाजवादी असण्याची गरज नाही. मोकळ्या बाजाराचा आद्य पुरस्कर्ता अ‍ॅडम स्मिथ यानेही १७७६ च्या ग्रंथात बँकांवरील निर्बंधांचे समर्थन केले आणि आग पसरू नये म्हणून घरांमध्ये सामाईक भिंत बांधायची सक्ती जशी योग्य, तसेच हे निर्बंध योग्य, असे कारण दिले. नियोजनाचा कडवा विरोधक फ्रीडरिक हायेक यानेही १९४४ मध्ये कामाच्या तासांवरील मर्यादा आणि आरोग्यविषयक नियम स्पर्धेच्या आड येत नाहीत, हे मान्य केले होते.

वडोदऱ्याला तर आणखी जवळचा वारसा आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या आणि १९१७ मध्ये याच शहरात अपमान सोसून परतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये हा प्रश्न मुळाशी जाऊन मांडला. राज्याने हात काढून घेतला की स्वातंत्र्य मिळते असे म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले, ते स्वातंत्र्य कोणाला मिळते? जमीनदाराला भाडे वाढवण्याचे आणि भांडवलदाराला तास वाढवून मजुरी कमी करण्याचे. राज्य बाजूला झाले की सत्ता नाहीशी होत नाही, ती खासगी हातात जाते. हरणीच्या धक्क्यावर मुलांच्या जिवावरची सत्ता अशीच तिकीट विकणाऱ्याच्या हातात गेली होती.

चार वाजता : उरलेला वेळ अर्धा तास

बोटीची क्षमता १४. पोलिसांत नंतर दाखल झालेल्या फिर्यादीनुसार आणि अधिकाऱ्यांच्या निवेदनांनुसार तीत जवळपास दुप्पट माणसे चढली. काही नोंदींत हा आकडा त्याहूनही मोठा आहे. राज्याच्या गृहराज्यमंत्र्यांनी त्या रात्री सांगितल्याप्रमाणे केवळ १० विद्यार्थ्यांनी लाइफ जॅकेट घातले होते. बाकीच्या मुलांच्या अंगावर शाळेचे कपडे होते.

या अर्ध्या तासात एका माणसाने 'चौदाच्या वर कोणी चढायचे नाही' एवढे सांगितले असते तर पुरे होते. त्याला मोठा अभ्यास, मोठे मंत्रालय किंवा मोठी विचारसरणी लागत नव्हती.

दुपारी साडेचारच्या सुमारास : उरलेला वेळ शून्य

बोट तलावात कलली आणि उलटली.

साडेचार ते सूर्यास्त

पहिल्या मिनिटांत धावले ते काठावरचे लोक. त्यांच्यामागून अग्निशमन दल आले, मग राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल. या दलाची तुकडी वडोदऱ्याजवळ जरोद इथेच असते. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेडाचे दोन तासही शिल्लक नव्हते. काढलेल्या मुलांना जवळच्या खासगी रुग्णालयात आणि सर सयाजीराव जनरल रुग्णालयात नेले गेले. पालक एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात धावत राहिले. अनेकांचे जीव वाचले. १४ जणांचे वाचले नाहीत.

रात्र

मुख्यमंत्री आणि गृहराज्यमंत्री शहरात आले. राज्य सरकारकडून मृतांच्या कुटुंबीयांना ४ लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून २ लाख रुपये जाहीर झाले. हरणी पोलीस ठाण्यात सदोष मनुष्यवधाच्या कलमांखाली गुन्हा नोंदवला गेला. फिर्यादी महापालिकेचा अभियंता होता आणि आरोपी होते कंत्राटदार कंपनीचे भागीदार व कर्मचारी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिला सांगितले होते की जबाबदारी झटकता येणार नाही, ती महापालिका या रात्री कागदावर तक्रारदार झाली.

१९ जानेवारी आणि पुढे

गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. विशेष तपास पथक नेमले गेले, जिल्हाधिकाऱ्यांकडे चौकशी दिली गेली, कंत्राट संपवण्यात आले, अटका झाल्या. राज्यभरातल्या नौकाविहाराच्या तपासण्या सुरू झाल्या आणि पुढे नवे नियम आले. हे सगळे आवश्यक होते आणि सगळे उशिरा आले.

१२८ दिवसांनंतर

२५ मे २०२४, राजकोट. एका खासगी गेम झोनला आग लागली आणि २७ जण गेले. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नव्हता. सुट्टीतल्या मुलांची गर्दी होती, मालक खासगी होता आणि पाहायचे काम पालिकेचे होते. पाच वर्षांपूर्वी, २४ मे २०१९ रोजी, सुरतच्या तक्षशिला इमारतीतल्या शिकवणी वर्गातल्या आगीने २२ विद्यार्थी नेले होते. तो धडाही राजकोटला पोहोचला नव्हता.

११ महिन्यांनंतर

१८ डिसेंबर २०२४, मुंबई. गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. टक्कर हे त्याचे कारण, त्यात शंका नाही. पण परवानगीपेक्षा जास्त प्रवासी आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नसणे हे हरणीतले दोन्ही प्रश्न मुंबईच्या समुद्रातही समोर आले.

दीड वर्षानंतर

९ जुलै २०२५. वडोदरा जिल्ह्यातल्या पादरा तालुक्यात महिसागर नदीवरचा गंभीरा पूल सकाळी तुटला, वाहने नदीत गेली आणि किमान २० जणांचा जीव गेला. इथे कंत्राटदार नव्हता, तिकीट नव्हते, नफा नव्हता. १९८५ चा हा पूल सरकारचाच आणि देखभालही सरकारचीच. २००९ मध्ये थेक्कडीच्या तलावात ४५ पर्यटकांचा जीव घेऊन बुडालेली बोटही केरळ सरकारच्या पर्यटन महामंडळाचीच होती.

ही दोन उदाहरणे बाजाराच्या समर्थकांच्या बाजूची आहेत आणि ती प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजेत. मालकी सरकारकडे गेल्याने पूल मजबूत होत नाही. इन्स्पेक्टर राजचा अनुभवही खोटा नाही. तपासनिसाच्या सहीला भाव असतो हे प्रत्येक छोट्या उद्योजकाला माहीत आहे. १९९१ च्या जुलैमध्ये बहुतेक उद्योगांवरची परवान्याची सक्ती उठवली गेली ती योग्यच होती. कोणी काय आणि किती बनवायचे हे दिल्लीतल्या बाबूने ठरवू नये.

पण धंदा कोणी करायचा यावरचे नियंत्रण आणि धंद्यात माणूस मरू नये यासाठीचे नियंत्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले कमी करत असताना दुसरे वाढवायला हवे होते. आपण नेमके उलटे केले. प्रवेशाच्या दारावर अजूनही निविदा, शिफारस आणि मर्जी बसलेली आहे, आणि बोटीच्या धक्क्यावर कोणीच नाही. म्हणून हरणीला मोकळ्या बाजाराचा अपघात म्हणणे अपुरे आहे आणि सरकारी अपघात म्हणणेही अपुरे आहे. जो विकतो, जो कमावतो आणि जो तपासतो, ते तिघे एकाच बाजूला बसले होते. मुलांच्या बाजूला कोणी नव्हते.

पुढचा शून्य येण्याआधी

उपाय अवघड नाहीत. ज्या संस्थेने कंत्राट दिले तिने सुरक्षेचा दाखला द्यायचा नाही. तो तिच्या उत्पन्नाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञ यंत्रणेने द्यावा. बोट, पूल, पाळणा, गेम झोन, जे काही तिकीट लावून लोकांना खुले आहे, त्याच्या तिकीटखिडकीवरच क्षमता, शेवटच्या तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्याचे नाव लिहिलेले असावे. तपासनिसाच्या सहीला भाव येतो तो ती सही बंद फायलीत असते म्हणून; ती भिंतीवर आली की तिच्या मागचा माणूस उत्तरदायी होतो. पोटकंत्राट दिले की मूळ करार आपोआप रद्द व्हावा. फेरी थांबवणाऱ्या कामगाराची नोकरी कायद्याने सुरक्षित असावी. आणि पहिल्या फिर्यादीतच कंत्राट देणाऱ्या अधिकाऱ्याच्या निर्णयाचा तपास अनिवार्य व्हावा, म्हणजे महापालिकेला एका रात्रीत फिर्यादीच्या बाजूला जाऊन उभे राहता येणार नाही.

यातल्या कशानेही उद्योग बुडणार नाही. प्रामाणिकपणे चौदाच माणसे बसवणाऱ्या बोटवाल्याला उलट याचा फायदाच होईल, कारण आज तो अठ्ठावीस बसवणाऱ्यासमोर स्वस्तात हरतो. नियम सगळ्यांवर सारखे असले तरच चांगला धंदा तगतो. बाजाराच्या समर्थकांनी ही मागणी सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या आवाजात करायला हवी.

सुरसागर ते हरणी या तीस वर्षांत वडोदऱ्याला ज्ञान कमी पडले नाही, कायदा कमी पडला नाही, निकालही कमी पडला नाही. कमी पडला तो बोट सुटण्यापूर्वी माणसे मोजणारा, आणि जास्त झाली तर बोट थांबवण्याचा हक्क असलेला एक माणूस. तो नेमणे हे सरकारचे काम आहे, त्याचा पगार देणे हे करदात्यांचे काम आहे आणि तो जागेवर आहे की नाही हे दर सहलीआधी विचारणे शाळांचे आणि पालकांचे काम आहे.